किंदळाच्या पडलेल्या खोडावरील अळंबी: नवी जाती आहे हे कसे ठरवावे आणि तिचे वर्णन कसे लिहावे?

रानवाटा:

सप्रेम नमस्कार. मी गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात विज्ञान शिकवते. आमच्या गावच्या देवराईत ओढ्याकाठी किंदळाचे एक मोठे खोड उन्मळून आडवे पडले आहे आणि गेले तीन पावसाळे मी त्याच खोडावर एका अळंबीची वाढ पाहत आले आहे. मृगाच्या सरी स्थिरावल्या की सालीच्या भेगांतून हळदीच्या रंगाचे लहान फुगीर ठिपके बाहेर येतात, आषाढात ते एकमेकांत मिसळून त्यांची लाकडाला चिकटलेली पट्टी होते, आणि श्रावणात त्या पट्टीची वरची कड फळीसारखी सुमारे ३ सें.मी. पुढे येते. चवथीपर्यंत कडेचा पिवळेपणा जाऊन सगळी अळंबी गडद तपकिरी होते. वरची बाजू मखमलीसारखी आहे, खालच्या बाजूची छिद्रे इतकी बारीक आहेत की भिंगाशिवाय दिसत नाहीत, आणि तिच्याखालचे लाकूड पांढरे, मऊ आणि तंतुमय झालेले आहे.

चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी रानफळे आणायला जाणारे आमच्या शेजारचे आजोबा सांगतात की हिला अळमी म्हणू नये, कारण अळमी म्हणजे खाण्याची. ही नुसती लाकूड खाणारी, आणि ती किंदळाशिवाय दुसऱ्या झाडावर त्यांनी कधी पाहिलेली नाही. मी मिळतील ती चित्रे ताडून पाहिली. कोणी तिला गॅनोडर्मा म्हणतात, कोणी फेलिनस म्हणतात. परंतु पूर्णपणे जुळणारे चित्र अद्याप सापडलेले नाही. माझ्या वहीत मी तिचे वर्णन "सुंदर, मखमली, तपकिरी, पिवळ्या किनारीची अळंबी" असे लिहून ठेवले आहे, आणि हे वर्णन शास्त्राला पुरेसे नाही एवढे मला समजते.

माझे प्रश्न असे आहेत. ही जाती नवी आहे असे म्हणण्याआधी काय काय तपासावे लागते? वर्णनात कोणत्या गोष्टी लिहाव्यात? ते मराठीत लिहिलेले चालते का? आणि आमच्याकडच्या पावसात नमुना कुजू न देता वाळवावा कसा? मागच्या वर्षीचा नमुना माझ्याकडे आहे, पण त्यात किडे पडले आहेत.

सूक्ष्मदर्शी:

रानवाटा ताई, तीन पावसाळे एकाच खोडावर लक्ष ठेवून आपण कोवळ्या ठिपक्यापासून वाळलेल्या फळीपर्यंतच्या अवस्था पाहिल्या आहेत, आणि अशा अळंब्यांच्या बाबतीत हे फार मोलाचे आहे. जुन्या काळी वर्णिलेल्या कितीतरी जाती एकाच वाळलेल्या तुकड्यावरून वर्णिल्या गेल्या, आणि कोवळी व जून अशी एकच अळंबी दोन नावांनी नोंदली गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. आधी शब्दांविषयी एक खुलासा करतो. येथे मी विश्वकोशातील रूढीप्रमाणे स्पीशीजला जाती आणि जीनसला प्रजाती म्हणतो. वर्तमानपत्रे याच्या उलट लिहितात आणि त्यामुळे घोटाळा होतो.

नमुन्यापासून सुरुवात करू, कारण नमुना गेला तर वर्णनाला आधार उरत नाही. अळंबी खोडावर असतानाच, मोजपट्टी शेजारी ठेवून, वरून, खालून आणि उभ्या छेदाचे छायाचित्र घ्यावे. रंग, वास आणि कापल्यावर होणारा बदल त्याच जागी लिहून घ्यावा, कारण वाळल्यावर या तिन्ही गोष्टी पुन्हा मिळत नाहीत. रंगासाठी मन्सेलसारख्या प्रमाणित रंगपत्रिकेतील क्रमांक द्यावा. हळदीचा रंग म्हणजे नेमका कोणता याविषयी सत्तरीत आणि सासष्टीतही एकमत होणार नाही. काढताना अळंबीबरोबर खालच्या लाकडाचा तुकडाही घ्यावा, म्हणजे कूज कोणत्या प्रकारची आहे आणि लाकूड कोणाचे आहे हे नंतर पाहता येते. सर्व नमुना उपटून आणू नये, निम्म्याहून अधिक खोडावरच राहू द्यावा.

वाळवण्याविषयी. पावसात हवेतील ओल इतकी असते की नुसते उघड्यावर ठेवलेले नमुने दोन दिवसांत बुरसटतात. ४० ते ४५ अंश सेल्सिअसची कोरडी, वाहती हवा मिळेल अशी पेटी असावी. फळे वाळवण्याचे विजेवरील साधे यंत्र त्यासाठी उत्तम चालते. अळंबीचे जाड भाग आधी उभे चिरावेत. तुकडा कडक झाला, म्हणजे बोटाने दाबल्यावर जराही दबला नाही, की तो हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर किंवा अधिक काळ शून्याखाली २० अंशांवर गोठवावा. आपल्या नमुन्यात पडलेले किडे बहुधा सिइडी कुळातील बारीक भुंगेरे असतील. ते फळीसारख्या अळंब्यांतच वाढतात आणि संग्रहालयांचेही मोठे शत्रू आहेत. गोठवल्याने त्यांची अंडी-अळ्या मरतात. याशिवाय ताज्या अळंबीच्या आतल्या स्वच्छ भागातील हरभऱ्याएवढा तुकडा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये वेगळा ठेवावा. तो डीएनएसाठी लागेल, आणि त्याची आठवण बहुतेकांना उशिरा होते.

आता वर्णन. आपल्या वहीतील वाक्यात "सुंदर" हा शब्द आपल्या मनाविषयी सांगतो आणि तो वहीत राहायलाच हवा, परंतु उरलेल्या तीन शब्दांना माप दिले तर तेच वाक्य शास्त्राचे होते. आपण दिलेल्या माहितीवरून मी ते असे मांडून पाहतो (फलकाय म्हणजे आपल्याला बाहेर दिसते ती अळंबी): "फलकाय लाकडावर पसरलेला, वरची कड सुमारे ३ सें.मी.पर्यंत पुढे आलेली, कोवळेपणी पिवळ्या ठिपक्यांच्या रूपात सालीच्या भेगांतून निघणारा, पुढे एकमेकांत मिसळणारा, वरचा पृष्ठभाग मखमली, कोवळेपणी कड पिवळी, जून झाल्यावर सर्वत्र गडद तपकिरी, छिद्रे अतिसूक्ष्म, किंदळाच्या पडलेल्या खोडावर, श्वेत कूज करणारा." यात काय राहिले आहे ते पाहा. दर मिलिमीटरला छिद्रे किती, ती गोल की कोनदार, छिद्रांमधल्या भिंती अखंड की दातेरी, नळ्यांची खोली किती आणि त्यांचा एकच थर आहे की वर्षागणिक थर चढले आहेत, आतील गर किती जाड, त्यात काळी रेघ आहे का, मखमलीचे केस किती लांब. तीन वर्षे तीच फळी जाडावत गेली असेल तर अळंबी बहुवर्षायू, आणि दरवर्षी जुनी गळून नवी येत असेल तर वार्षिक. हे उत्तर फक्त आपल्याकडेच आहे, कोणत्याही प्रयोगशाळेकडे नाही.

सूक्ष्मदर्शकाखालचा भाग याहून निर्णायक असतो. पाच टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात पातळ काप ठेवावा. हे द्रावण दाहक आहे. विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. गर ताबडतोब काळा पडला आणि काळाच राहिला, तर फेलिनस ज्या कुळात येतो त्या हायमेनोकीटेसी कुळाकडे बोट जाते. मात्र तपकिरी गराच्या गॅनोडर्माचाही रंग या द्रावणात गडद होऊ शकतो, म्हणून एवढ्यावर थांबू नये. अळंबी ज्या सूक्ष्म धाग्यांची बनलेली असते त्या कवकतंतूंच्या आडव्या पडद्यांपाशी लहान बाकासारखी जोडणी असते तिला क्लॅम्प म्हणतात. गॅनोडर्मात ती असते, हायमेनोकीटेसीत कधीच नसते. गॅनोडर्माचा बीजाणू दुहेरी भिंतीचा आणि एका टोकाला कापल्यासारखा असतो, तो एकदा पाहिलेला माणूस पुन्हा चुकत नाही. हायमेनोकीटेसीच्या अनेक जातींत छिद्रांच्या आत तपकिरी, जाड भिंतीच्या, टोकदार काट्यासारख्या पेशी असतात. त्यांना सीटा म्हणतात, आणि त्या आहेत की नाहीत, सरळ की आकड्यासारख्या, यावर प्रजाती ठरू शकते.

तंतूंचे प्रकारही पाहावे लागतात: पातळ भिंतीचे, पडदे असलेले जनक तंतू, जाड भिंतीचे, न फुटणारे कंकाल तंतू, आणि खूप फाटे फुटून सगळ्यांना बांधणारे बंधक तंतू. ही पद्धत कॉर्नर या शास्त्रज्ञाने १९३२ साली मांडली आणि त्यासाठी त्याने निवडलेली अळंबी आपण नक्की पाहिली असेल. गळलेल्या बारीक काटक्यांवर पिवळ्या पायाची, पातळ पेल्यासारखी, तपकिरी वलयांची जी अळंबी आपल्या घाटात जागोजागी उगवते, ती मायक्रोपोरस झँथोपस. सत्तरीतल्या पायवाटेवरची एक काटकी उचलून कॉर्नरचे निरीक्षण आपण पुन्हा करून पाहू शकता, आणि अनोळखी अळंबीकडे वळण्याआधी तसे जरूर करावे, म्हणजे डोळा तयार होतो.

बीजाणूंची मापे किमान तीसांची, आणि शक्यतो एकाहून अधिक नमुन्यांतली घ्यावीत. लांबी, रुंदी आणि त्यांचे गुणोत्तर द्यावे, दोन्ही टोकांकडील पाच-पाच टक्के मापे कंसात वेगळी दाखवावीत. आयोडीनच्या मेल्झर द्रावणात बीजाणू निळसर-काळे होतात, लालसर-तपकिरी होतात की रंग बदलत नाही, हेही लिहावे लागते. यासाठी १००० पट मोठे दाखवणारे, तेलातले भिंग हवे. शाळेच्या सूक्ष्मदर्शकावर ४०० पटीत सीटा दिसतील, बीजाणू मात्र नुसते ठिपके दिसतील.

नामावली:

वरील उत्तरात भर घालतो. आपली अळंबी चित्रांशी जुळत नाही, एवढ्यावरून फक्त इतकेच सिद्ध होते की ती आपल्याला मिळालेल्या चित्रांत नाही. नावीन्याचा दावा हा आजवर वैधपणे प्रसिद्ध झालेल्या सर्व संबंधित नावांशी केलेला दावा असतो, आणि उष्ण प्रदेशातील लाकूड कुजवणाऱ्या अळंब्यांच्या बाबतीत ही नावे जुनी, विखुरलेली आणि अपुऱ्या वर्णनांची आहेत. एकोणिसाव्या शतकात पेराडेनियाहून थ्वेट्स यांनी पाठवलेल्या श्रीलंकेच्या नमुन्यांवर बर्कली आणि ब्रूम यांनी शेकडो कवकांची नोंद केली. जावातील कवकांवर युंगहून यांनी १८३८ साली लिहिले. बंगालच्या पॉलीपोर, म्हणजे खालच्या बाजूला छिद्रे असणाऱ्या, अळंब्यांवर सहायराम बोस यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातत्याने काम केले. पश्चिम घाट आणि श्रीलंका यांचे जीवसृष्टीचे नाते इतके जवळचे आहे की आपल्या देवराईतील अळंबीला पेराडेनियाच्या बागेतून दीडशे वर्षांपूर्वीच नाव मिळालेले असणे सहज शक्य आहे. बर्कली यांचा संग्रह १८७९ पासून लंडनमधील क्यू वनस्पती उद्यानात आहे. त्या जुन्या ओळींत बीजाणूंचे माप बहुधा नसते, म्हणून शेवटी मूळ प्रारूप नमुना, म्हणजे ज्या नमुन्याशी ते नाव कायमचे जोडलेले आहे तो, पाहूनच निर्णय घ्यावा लागतो. माझ्या मते या कामाचा निम्म्याहून अधिक वेळ यातच जातो, आणि तो वाचवण्याचा प्रयत्न करणाऱ्याने नवे नाव देऊ नये.

नामकरणाचे नियम थोडक्यात सांगतो. शैवाल, कवक आणि वनस्पती यांच्यासाठी एकच आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिच्यानुसार १ जानेवारी १९५८ पासून नव्या जातीसाठी प्रारूप नमुना नेमणे बंधनकारक आहे, आणि १९९० पासून तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हेही सांगावे लागते. वर्णन किंवा भेददर्शक टिपण १९३५ ते २०११ या काळात लॅटिनमध्येच लागत असे. १ जानेवारी २०१२ पासून ते लॅटिन किंवा इंग्रजीत चालते. म्हणजे आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की केवळ मराठी वर्णनाने नाव वैध होणार नाही, परंतु इंग्रजी वर्णनासोबत मराठी वर्णन छापायला कोणतीही आडकाठी नाही, आणि मी तर म्हणेन की ते छापावेच. १ जानेवारी २०१३ पासून कवकाच्या नव्या नावाला मायकोबँक, इंडेक्स फंगोरम यांसारख्या मान्य नोंदणीस्थळाचा क्रमांक घेऊन तो मूळ लेखात द्यावा लागतो. प्रारूप म्हणून जिवंत संवर्धन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी, चालत नाही. वाळवलेला नमुना, किंवा कायमच्या निष्क्रिय अवस्थेत ठेवलेले संवर्धनच चालते.

भेददर्शक टिपण हा वर्णनापेक्षा लहान, पण अधिक कठीण भाग आहे. वर्णनात अळंबी कशी आहे ते लिहायचे. टिपणात ती तिच्या जवळच्या नातलगांहून कोणत्या दोन-तीन लक्षणांनी वेगळी आहे तेवढेच लिहायचे. ज्याला हे चार ओळींत लिहिता येत नाही, त्याची जाती अजून वेगळी झालेली नाही असे समजावे.

नमुना ठेवण्यासाठी आपल्याला जवळचे ठिकाण म्हणजे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर कवकसंग्रह. तेथेच राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रहही आहे. जैवविविधता कायदा २००२ च्या ३९ व्या कलमानुसार नवी जाती सापडल्यास तिची माहिती नियुक्त संग्रहालयाला देणे आणि नमुना तेथे जमा करणे हे शोधणाऱ्याचे कर्तव्य आहे. परदेशातील तज्ज्ञाला तुकडा टपालाने पाठवण्याचा मोह परवानगीवाचून करू नये. आपले खोड म्हादई अभयारण्याच्या हद्दीत असेल तर गोळा करण्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागेल. हद्दीबाहेर असेल तरी देवराई गावाची आहे, तेव्हा गावकर मंडळींना विचारावे आणि पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवावे.

आणखी एक विनंती आहे. मनात योजलेले लॅटिन नाव समाजमाध्यमांवर लिहू नये. वर्णनाशिवाय फिरणारे नाव वैध ठरत नाही, पण ते याद्यांत शिरते आणि पुढच्या माणसाला ते निस्तरावे लागते.

कुळागर:

मी शास्त्रज्ञ नाही, फोंडा तालुक्यात माझे पोफळी-नारळाचे कुळागर आहे. पोफळीच्या बुंध्याशी येणाऱ्या गॅनोडर्माशी, ज्याला अणबे रोग म्हणतात, माझी अनेक वर्षांची ओळख आहे, आणि त्या ओळखीवरून झाडाविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात.

गॅनोडर्मा माझ्या बागेत जिवंत झाडाच्या मुळांतून शिरतो. अळंबी बुंध्यावर दिसते तेव्हा झाड आतून गेलेले असते. त्यामुळे मला आधी हे विचारावेसे वाटते की बाईंनी पाहिलेली अळंबी किंदळ उभा असतानाच त्याच्यात होती, की तो पडल्यावर आली? झाड उन्मळून पडले असे त्या लिहितात. मुळे पाहावीत. मुळांचे लाकूडही तसेच पांढरे आणि मऊ झाले असेल तर ते झाड पडण्याचे कारण हीच बुरशी असू शकेल, आणि मुळे टणक असतील तर ती नंतरची पाहुणी. ही गोष्ट वर्णनात एका ओळीत येईल, पण माझ्यासारख्या बागायतदाराला ती ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते.

दुसरे, आजोबांचे म्हणणे. रानात फिरणाऱ्या माणसाचे निरीक्षण मी कधीच हलके मानत नाही, परंतु "फक्त किंदळावर" हे सांगायला इतर झाडांची पडलेली खोडेही तितक्याच वेळा पाहिलेली असावी लागतात. सत्तरीत किंदळ पुष्कळ आहे. जे झाड जास्त, त्यावर अळंबी जास्त दिसणारच. त्याच ओढ्याकाठी माट्टीचे खोड पडलेले असेल तर तेथे मुद्दाम शोधावे, कारण माट्टी आणि किंदळ ही एकाच टर्मिनालिया प्रजातीची झाडे आहेत. तेथेही सापडली तर आजोबांचे म्हणणे निम्मे खरे ठरेल. आणि पडलेले झाड किंदळच आहे हे पाने नसताना कशावरून ठरवले, तेही वहीत लिहावे.

वाळवण्याविषयी माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी कुळागरात फणसाच्या ओंडक्यावर एक लालसर, पातळ अळंबी आली होती. मी ती कोकमाच्या सोलांसारखी चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळवली. ती टिकली, दिसायलाही छान राहिली, परंतु एका अभ्यासकाने ती तपासली तेव्हा मूळ रंग धुराने गेलेला होता आणि डीएनएही मिळाला नाही. ओंडका पुढच्या वर्षी पुरात वाहून गेला. ती अळंबी मला पुन्हा दिसलेली नाही, आणि तिचे नाव काय होते हे आता कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून धुरावर वाळवू नका, एवढेच कळकळीने सांगतो.

रानवाटा:

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. कुळागर काका, आपल्या सांगण्यावरून रविवारी मी आजोबांना बरोबर घेऊन पुन्हा खोडापाशी गेले. मुळांकडील लाकूड टणक आहे. सुतारकामातील पटाशी सहज आत जात नाही. पांढरी, मऊ कूज खोडाच्या वरच्या भागापासून सुरू होते. झाड उभे असताना आजोबांनी त्याची फळे पाहिलेली आहेत आणि बाजूलाच त्याच झाडाच्या बुंध्यातून नवे फुटवे आले आहेत, त्यांच्या पानांवरून ते किंदळ असल्याची खात्री झाली. माट्टीचे एक पडलेले खोड थोड्या अंतरावर मिळाले. त्यावर ही अळंबी दिसली नाही, मात्र खोड एकच असल्यामुळे मी त्यावरून काही निष्कर्ष काढत नाही.

छिद्रे मोजली. पाच ठिकाणी मोजून दर मिलिमीटरला ७ ते ९ आली, आकार गोल. फळीचा उभा छेद घेतला तेव्हा नळ्यांचे तीन थर स्पष्ट दिसले आणि त्यांच्यामध्ये गराच्या बारीक रेघा होत्या. म्हणजे ती बहुवर्षायू असावी, आणि माझी तीन वर्षे तिच्या अंगावरच लिहिलेली होती हे पाहून मला फार आनंद झाला. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात गर क्षणात काळा झाला आणि तासाभराने पाहिला तेव्हाही काळाच होता. क्लॅम्प मला एकही दिसला नाही. छिद्रांच्या आत तपकिरी, टोकदार, सरळ काटे दिसले, चौदा मोजले. बीजाणू खरोखरच नुसते ठिपके दिसले.

आता एक शंका आहे. माझ्याजवळ या एकाच खोडावरचे नमुने आहेत. एका खोडावरून जाती लिहिता येते का?

सूक्ष्मदर्शी:

आपली निरीक्षणे एकमेकांना पूरक आहेत. कायमचा काळा रंग, क्लॅम्पचा अभाव, सीटा आणि श्वेत कूज ही चारही लक्षणे हायमेनोकीटेसी कुळाकडेच नेतात, तेव्हा गॅनोडर्मा आता बाजूला ठेवावा. मात्र "फेलिनस" हे नाव वहीत पेन्सिलीनेच लिहावे. पूर्वी फेलिनस म्हटल्या जाणाऱ्या मोठ्या गटाची डीएनएच्या आधारे फुस्कोपोरिया, फोमिटिपोरिया अशा अनेक प्रजातींत विभागणी झालेली आहे, आणि जुने वर्णन कोणत्या प्रजातीत शोधायचे हे त्यावर अवलंबून राहील.

डीएनएचा आयटीएस हा भाग कवकांसाठी प्रमाण ओळखचिन्ह म्हणून २०१२ साली सुचवला गेला आणि तो आपल्या सिलिका जेलमधील तुकड्यातून काढता येईल. त्याच्या जोडीला एलएसयू हा भागही काढून घ्यावा, म्हणजे प्रजाती ठरवायला आधार मिळतो. परंतु संगणकाने "९६ टक्के साम्य" असे उत्तर दिले म्हणजे नवी जाती सापडली, असे समजू नये. सार्वजनिक साठ्यांतील कवकांच्या सुमारे एक-पंचमांश नोंदींवर जातीचे नाव चुकीचे असू शकते, असे २००६ च्या एका पाहणीत दिसले होते. शिवाय ज्या जुन्या जातींचे डीएनए अजून कोणी काढलेच नाहीत, त्या त्या साठ्यात सापडणारच नाहीत. जे साठ्यात नाही ते नवे नव्हे; ते फक्त साठ्यात नाही.

एका खोडाविषयी माझे मत असे की नमुना उत्तम असेल, लक्षणे ठळकपणे वेगळी असतील आणि डीएनएही वेगळा असेल, तर एका ठिकाणच्या नमुन्यावरून वर्णन करावे. खोडे कुजतात, ओढ्याला पूर येतो, रस्ते रुंद होतात. वरती काकांनी लिहिलेला फणसाचा ओंडका माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

नामावली:

येथे मी सूक्ष्मदर्शी यांच्याशी आदरपूर्वक असहमत आहे. संहिता एका नमुन्याला परवानगी देते, हे खरे. परंतु एका खोडावरील सर्व फळ्या बहुधा लाकडात पसरलेल्या एकाच कवकजालातून (तंतूंच्या जाळ्यातून) आलेल्या असतात, म्हणजे आपण दहा फळ्या मोजल्या तरी एकाच व्यक्तीला दहा वेळा मोजले असे होते. छिद्रांची संख्या, बीजाणूंची लांबी, काट्यांचा आकार जातीत किती बदलतो हे त्यातून कळतच नाही, आणि मग पुढचा नमुना थोडा वेगळा निघाला की त्यालाही कोणीतरी नवे नाव देते. जुन्या नावांचा जो ढीग आज आपण उपसत आहोत तो असाच साचला आहे. नमुना आज जमा करावा, डीएनए आज काढावा, पण नाव देण्याआधी आणखी एक पावसाळा आणि आणखी दोन-तीन खोडे पाहावीत.

सूक्ष्मदर्शी:

एकाच कवकजालाचा मुद्दा मान्य. जमा केलेला नमुना नष्ट होत नाही, तेव्हा एक पावसाळा थांबण्यास माझी हरकत नाही. जमा करण्यात मात्र एक दिवसही जाऊ देऊ नये. जमा करताना चिठ्ठीवर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, झाड, गोळा करणाऱ्याचे नाव आणि आपला नमुना क्रमांक लिहावा. ही चिठ्ठी पेन्सिलीने किंवा न फिसकटणाऱ्या शाईने लिहावी.

रानवाटा:

तसेच करते. खोड अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे याची वनखात्याच्या कार्यालयात जाऊन खात्री करून घेतली. गावकर मंडळींनी संमती दिली आहे. त्यांची एकच अट आहे की खोड हलवायचे नाही आणि अर्ध्याहून जास्त अळंबी काढायची नाही, आणि ती अट मलाही हवीच होती. नमुना क्रमांक १ आणि २ ताजे काढून, चिरून, वाळवणीच्या पेटीत ठेवले आहेत. सिलिका जेलमधील तुकडा वेगळा आहे.

आजोबांनी ओढ्याच्या वरच्या अंगाला, दोन डोंगर पलीकडे, किंदळाची आणखी तीन पडलेली खोडे सांगितली आहेत. चवथ झाली की आम्ही तिकडे जाणार आहोत. तेथील छिद्रांची आणि काट्यांची मापे मी येथेच लिहीन.